लाल गाडीला जीपचा एक्सल

आमच्या अब्बांच्या लाल गाडीचा मागचा एक्सल मोडला तो जव्हारच्या भर बाजारपेठेत, शुक्रवारी, नमाज सुटल्यावर. म्हणजे सगळं गाव बघायला हजर. आधी कटकट आवाज आला, मग एक दणका, आणि मग गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली. इंजिन चालू, गिअर पडलेला, चाकं मात्र ढिम्म. मी आमच्या दुकानात लेथवर होते. तो दणका ऐकून मशीन बंद केलं आणि मनात म्हटलं, गेले एक्सलचे दात. बाहेर येऊन बघते तर अब्बा डोक्यावर टोपी तशीच ठेवून स्टिअरिंग धरून बसलेले, आणि भोवती जमलेला प्रत्येक जण त्यांना काही ना काही शिकवत होता. ज्याला सायकलची चेन बसवता येत नाही तोसुद्धा.

"ढकला आता," मी म्हटलं. "शिकवणं झालं असेल तर."

ती गाडी म्हणजे दोन माणसांची, बिनटपाची, विलायती. पळण्यासाठी बनवलेली. बसलं की बूड जवळजवळ रस्त्याला लागतं. आमच्यासारख्या टर्नरच्या घरात ती आली कशी, असं लोक विचारतात. मी सांगते, चालत नाही आली, ओढून आली. अब्बा तरुण होते तेव्हा नाशिकच्या एका डॉक्टरांची ही गाडी मोखाड्याच्या घाटात बंद पडली. बैल लावून ती आमच्या दुकानापर्यंत आणली. लागणारा भाग कुठे मिळेना. डॉक्टर म्हणाले, राहू दे, बघू पुढच्या खेपेला. ती पुढची खेप येईपर्यंत अब्बांचं लग्न झालं, मी झाले, आणि शेवटी डॉक्टरांनी कागदपत्रं अब्बांच्या नावावर करून दिली. तोपर्यंत अब्बांनी तो भाग स्वतःच लेथवर बनवला होता. अम्मी तिला "माझी सवत" म्हणते. "आणि सवतीचा थाट असा," ती म्हणायची, "की मी रॉकेलच्या रांगेत, आणि ही पेट्रोल पिते."

आमच्या घरातली बोली तशी हिंदी-उर्दूची खिचडी आहे, पण दुकान मराठीत चालतं आणि मी विचारही मराठीतच करते, तेव्हा सगळ्यांचं बोलणं मराठीतच सांगते.

एक्सल मोडणं एरवी काही आभाळ कोसळणं नव्हे. जुन्या गाडीचं काही ना काही मोडतंच. पण त्याच वर्षी पावसाळ्याच्या आधी अब्बांना काचबिंदू असल्याचं कळलं होतं, आणि कळलं तेही उशिरा. ह्या दुखण्यात समोरचं दिसत राहतं आणि कडेचं जातं. नळीतून बघितल्यासारखं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, थेंब टाकत राहा, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवू. गाडी चालवायची असेल तर दिवसाउजेडी, मोकळ्या रस्त्याला, आणि तीही काही महिनेच. दर तपासणीला बघून ठरवू. अब्बा घरी येऊन जेवायला बसले आणि भाताकडे बघत म्हणाले, "एकदा लाल गाडी घेऊन सूर्यमाळला जाऊन येतो. स्वतः चालवत. मग चावी तुझी."

सूर्यमाळच का, हे आम्हाला विचारावं लागलं नाही. जव्हारहून मोखाडा, मोखाड्याहून खोडाळा आणि तिथून वर सूर्यमाळ, ह्या रस्त्यावरच्या प्रत्येक वळणावर अब्बा कधी ना कधी कुणाच्या तरी गाडीखाली आडवे झाले होते. आयुष्यभर तो रस्ता त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी बघितला. एकदा त्यांना तो स्वतःच्या गाडीतून बघायचा होता. एवढंच मागणं, आणि त्याच्या आड हा एक्सल आला.

मुंबईत जुन्या गाड्यांचा धंदा करणारा एक माणूस आहे. त्याला फोन लावला. म्हणाला, अस्सल एक्सल विलायतेत मिळेल, पण शोधायचा, पाठवायचा, बंदरातून सोडवायचा, म्हणजे पुढचा उन्हाळा. किंमत ऐकून अम्मीने फोन माझ्या हातातून काढून घेऊन ठेवूनच दिला. पण किमतीचं सोडा, कर्ज काढलं असतं. घोडं पेंड खात होतं ते वेळेवर. पुढच्या उन्हाळ्यात अब्बांना किती दिसणार होतं हे कोण सांगणार?

अब्बांचा मात्र हट्ट. "ह्या गाडीला अस्सलच लागणार. ती तशीच बनली आहे."

"आणि तो येईपर्यंत तुम्ही काय करणार? तिला पुसत बसणार?"

"पुसत बसेन."

मला राग लवकर येतो. तो अब्बांकडूनच आलाय, म्हणून त्यांच्यावर काढताना मला फारसं वाईट वाटत नाही. मी मुंबईला गेले, भंगारबाजारात जुन्या टॅक्सींचे एक्सल बघितले. आमच्या गाडीचा आणि त्यांचा पन्हा जवळजवळ सारखा, बसवायला सोपा. पण एक्सल हाताने फिरवून बघितला की त्याचं वय कळतं. एक बाजू धरून दुसरी फिरवायची. मध्ये किती ढिला जातोय ते बघायचं. तिथले सगळे घासून घासून निम्मे झालेले. एक जरा बरा वाटला, तर त्याच्या नळीलाच तडा. दुकानदार म्हणाला, "वेल्डिंग मारून घ्या मॅडम, कुणाला कळतंय?" मी म्हटलं, घाटाला कळेल. आणि रिकाम्या हाताने परत आले.

शेवटी सोनारानेच कान टोचावे लागतात. आमच्या घरी ते काम अम्मी करते. भांडी घासता घासता म्हणाली, "ती सूर्यमाळच्या पाड्यावरची जीप मेली ना? तिचा काढा की."

अब्बा उडालेच. "सशाला रेड्याचे पाय लावायचे?"

"ससा पळतोय कुठे?" अम्मी म्हणाली. "बसलाय दुकानात."

मी हसले, पण लेथवर गेल्यावर डोक्यात चक्र सुरू झालं. जीपचा एक्सल रुंद. दोन्ही बाजूंनी कापून आत घ्यावा लागणार. चाकाच्या बोल्टांची भोकं वेगळी. वजन जास्त. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या दातांचा हिशेब वेगळा. आमच्या गाडीचा मूळ एक्सल वेगासाठी होता. जीपचा एक्सल वेग देत नाही, ओढ देतो. इंजिन भरपूर फिरतं तेव्हा चाक थोडं पुढे जातं, पण गेलेलं मागे येत नाही. सपाटीवर गाडी बोंबलणार आणि कुणीही सायकलवाला पुढे जाणार. चढावर मात्र ती थांबणार नाही. कागदावर बघितलं तर नाकापेक्षा मोती जड. पण तो एक्सल जवळ होता, धडधाकट होता, आणि मुख्य म्हणजे अब्बांनी तो स्वतःच्या हाताने कितीदा तरी उघडून मिटलेला होता.

हे शेवटचं मी बोलून दाखवल्यावर अब्बांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्याला मी ओळखतो. त्याचं पिनिअन मीच बसवलंय." एवढ्यावर आमचं भांडण संपलं.

जीपवाले काका अब्बांच्याच वयाचे. पाड्यावरून खोडाळ्यापर्यंत आणि बाजाराच्या दिवशी मोखाड्यापर्यंत माणसं, कोंबड्या, खताची पोती, आजारी, बाळंतीण, सगळं त्यांनी वाहिलं. क्लच घसरला की जव्हारला आमच्याकडे यायचे, अम्मीच्या हातचा चहा घ्यायचे आणि गाडी होईपर्यंत दुकानाच्या फळीवर झोपायचे. जीपची मुदत संपली, कागद होईनात, तेव्हा त्यांनी ती पाड्यावर मोहाच्या झाडाखाली उभी केली. मी आणि अब्बा माझ्या स्कूटरवरून गेलो तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि टपावर कुणीतरी मिरच्या वाळत टाकल्या होत्या.

अब्बांनी आपलं काम सांगितलं. काका बराच वेळ जीपच्या चाकाकडे बघत राहिले. मला वाटलं लगेच हो म्हणतील, इतकी जुनी ओळख. ते म्हणाले, "मला एकल्याला नाय देता यायचा."

"गाडी तुझ्या नावावर आहे ना?" अब्बा म्हणाले.

"नावावर माझ्या. पण घेतली तवा सगला पाडा गवत कापाय आलता."

तेव्हा मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली. पावसाळा सरला की ह्या माळांवरचं गवत कापून, गठ्ठे बांधून मुंबईकडच्या तबेल्यांना जातं. काकांनी जीप घ्यायची ठरवली त्या वर्षी पाड्यातल्या प्रत्येक घराने त्यांच्यासाठी सावडीने गवत कापलं होतं. सावड म्हणजे मी तुझ्या शेतात राबायचं, तू माझ्या. पैशाचा संबंध नाही. त्या गवताची जीप झाली, आणि मग काकांनी आयुष्यभर जीप चालवून ती सावड फेडली. आता तिचा एखादा अवयव द्यायचा तर ज्यांनी गवत कापलं त्यांना विचारायलाच हवं.

माणसं जमली. दुपारची वेळ, भात नुकतं निसवत होतं, रानात फारसं काम नव्हतं. मी आपली व्यवहारी. म्हटलं, जो भाव असेल तो देतो, सगळ्यांनी वाटून घ्या. मग एक म्हातारी, पाड्यावरची सुईण, तंबाखू मळत म्हणाली, "वाटशील कुनाला? निमे तं वर गेले. तिकडं पोचवशील?" सगळे हसले, मीही हसले. ती अब्बांकडे वळून म्हणाली, ह्याच जीपमध्ये तिची सून अडलेली असताना नेली होती, आणि त्या दिवशी जीप चालू होती म्हणून सून आणि नातू दोघं आहेत. जीप चालू कुणी ठेवली होती ते तिला ठाऊक होतं. मग ती उरलेल्यांकडे बघून म्हणाली, "घेऊ द्या. पन सावड करा म्हनावं."

असं ठरलं. एक्सल आमचा, आणि त्याच्या बदल्यात भात झोडायच्या दिवसांत आम्ही एक दिवस खळ्यावर यायचं. काकांनी मला बाजूला घेऊन बजावलं, मजूर पाठवलेला चालत नाही, घरचंच माणूस पाहिजे. मी म्हटलं, आमचं घर म्हणजे तीनच माणसं. ते म्हणाले, मग तिघंही या.

एक्सल टेम्पोत घालून आणला. पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे मला तेव्हाही कळत होतं. नळी दोन्हीकडून कापली, आतले शाफ्ट आखूड केले, त्यांच्या टोकांना पुन्हा खाचा पाडल्या, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका नव्या जागी वेल्ड केल्या. लेथ मी चालवायची आणि माप अब्बांनी बोटाने बघायचं. डोळ्यांनी सोडलं होतं तेवढं बोटांनी धरलं होतं. मी कॅलिपर लावायच्या आत ते म्हणायचे, "अजून केसभर." मी चिडून कॅलिपर लावायचे, आणि केसभरच असायचं. कधी नसायचंही, मग मी ते दोन दिवस पुरवून पुरवून ऐकवायचे. चहाला अम्मी यायची, एक्सलकडे बघून म्हणायची, "रेड्याचं ऑपरेशन झालं का?" ज्या बापाने पोरीला लेथला हात लावू दिला, चार लोकांनी नाकं मुरडली तरी आयटीआयला घातलं, त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्याच गाडीचं काम करायला मिळालं. ह्यापेक्षा जास्त मी काय मागणार होते? रोज रात्री मी शुक्र मानत होते, आणि रोज मनात म्हणत होते, अजून थोडे दिवस दिसू दे त्यांना.

गाडी तयार झाली. मी बाजारपेठेतून एक फेरी मारून आणली. इंजिन जोरात ओरडत होतं आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. पोरं मागे पळत होती, काही पुढेही. अब्बा दाराशी उभे होते. म्हणाले, "तपासणी झाली की निघू."

तपासणी झाली. डॉक्टरांनी भिंतीवर टिंबं दाखवली, बटण दाबायला लावलं, कागद बाहेर आला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग चष्मा काढून, फार चांगल्या शब्दांत, पण एकही वाकडी पळवाट न ठेवता सांगितलं की आता नाही. रस्त्यावर तर नाहीच. उगाच स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव जाईल.

परतीच्या एसटीत अब्बा खिडकीशी बसले होते. घरी आल्यावर दुकानात आले, गाडीची चावी माझ्या हाताजवळ लेथच्या पाट्यावर ठेवली आणि आत जाऊन झोपले. मला इतका राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. डॉक्टरांचा नाही, ते खरंच बोलले. देवाचा म्हणावा तर तो माझ्याने धरवत नाही. मी मागच्या अंगणात जाऊन भंगाराच्या ढिगाला लाथा घातल्या आणि मग रडले. अम्मीने बाहेर येऊन बघितलं, पण जवळ आली नाही. तिलाही रडायचं असावं, आणि दोघींनी एकदम रडलेलं आत ऐकू गेलं असतं.

दिवाळीनंतर बाजाराच्या दिवशी पाड्यावरून निरोप आला. खळी सुरू झालीत, सावडीला या. अब्बा म्हणाले, तुम्ही दोघी जा. अम्मी म्हणाली, "मजूर चालत नाही म्हणे. घरचं माणूस पाहिजे. तुम्ही घरचे नाही का?" मग ते उठले.

गाडीत जागा दोघांची. मी चालवणार, शेजारी अब्बा. अम्मी म्हणाली, मी एसटीने खोडाळ्याला जाते, तिथून जीप मिळेल. आणि ती आमच्या आधी पोचली. खरं सांगते. त्या एक्सलवर आम्ही सपाटीला इतके सावकाश गेलो की ट्रकवाले हात दाखवून विचारत होते, काही बिघडलंय का. घाटात मात्र गाडी एकदाही दमली नाही. वळण आलं की अब्बा सांगत, इथे अमक्याचा पाटा तुटला होता, इथे तमक्याचं रेडिएटर. वळणं त्यांना दिसत नव्हती. गाडी कशी झुकते त्यावरून ते ओळखत होते. मी हो हो म्हणत होते.

खळ्यावर भाताच्या पेंढ्या लाकडी फळीवर आपटून झोडायच्या. ज्याने कधी केलं नाही त्याने हे करून बघावं. तासाभरात माझे खांदे माझे राहिले नाहीत. अम्मी, जी जन्मभर भात फक्त निवडत आली, ती ओढणी कमरेला बांधून अशी झोडत होती की बाया थांबून बघायला लागल्या. अब्बांनीही पेंढी उचलली. पहिली फळीवर बसली. दुसरी फळीच्या कडेला लागून बाहेर गेली. तिसरी थेट जमिनीवर. कुणी हसलं नाही. काका पेंढी खाली ठेवून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ह्याला दिसत नाय?"

मी सांगितलं. कडेचं दिसत नाही, हेही सांगितलं. आणि का कोण जाणे, उरलेलंही सगळं सांगून टाकलं. की एक्सल कशासाठी हवा होता, आणि आता तो असून काय उपयोग. काका ऐकत होते. त्यांच्या मागे सुईण म्हातारीही उभी होती, ते मला नंतर दिसलं.

जेवायला नागलीची भाकर, उडदाचं वरण आणि मिरची होती. जेवताना पाड्यावरची माणसं आपसांत त्यांच्या बोलीत काही बोलत राहिली. मला निम्मं कळलं. गवत, माळ, गाडी, एवढे शब्द ओळखीचे. जेवण झाल्यावर काकांनी अब्बांचा हात धरून उठवलं. "चल," म्हणाले.

खळ्याच्या वरच्या अंगाला मोठा माळ आहे. गवत कापून झालेलं, खाली नुसते खुंट. लांबवर सपाट. एका बाजूला तो उतरत उतरत दरीकडे जातो, दुसऱ्या बाजूला दगडांची रांग आहे. मला त्यांनी गाडी तिथे आणायला लावली. मग काका अब्बांना म्हणाले, "हितं चालव."

अब्बांनी मान हलवली. "मला कडा दिसत नाहीत रे."

"कडंला आमी हाव ना."

मला आधी समजलं नाही. मग बघितलं तर माणसं चालायला लागली होती. बाया दगडांच्या बाजूला, बाप्ये उताराच्या बाजूला, उतार सुरू व्हायच्या बऱ्याच अलीकडे. हाताहाताचं अंतर ठेवून दोन लांबलचक रांगा झाल्या. आणि मग त्यांनी हाळी द्यायला सुरुवात केली. ह्या डोंगरात एका शेतातून दुसऱ्या शेतात, एका पाड्यावरून दुसऱ्यावर अशीच हाळी देतात. पाखरं हाकलताना, गुरं वळवताना, माणसाला जेवायला बोलावताना. डावीकडून बायांचा आवाज, उजवीकडून बाप्यांचा. मध्ये गाडीला वाट. काकांनी अब्बांना सांगितलं, बायांचा आवाज मोठा झाला तर उजवीकडे घे, बाप्यांचा मोठा झाला तर डावीकडे, परतताना ह्याच्या उलट.

अब्बा दाराला हात लावून उभे होते. मी त्यांच्या बाजूला बसायला निघाले, म्हणजे वेळ आलीच तर हँडब्रेक ओढता येईल. बघते तर अम्मी अंगावरचा भुसा झटकत आधीच गाडीत चढत होती. मला म्हणाली, "तू तिकडे बायांत जा. तुझा आवाज मोठा आहे."

मी गेले. रांगेत सुईणीच्या शेजारी उभी राहिले.

गाडी सुरू झाली. पहिल्या गिअरमध्ये, न हिसका देता, माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश, ती दोन्ही आवाजांच्या मधून निघाली. आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आलं की तो अस्सल विलायती एक्सल असता तर हे जमलं नसतं. तो एवढा हळू चालूच शकला नसता. क्लच दाबून धरावा लागला असता, गाडी उड्या मारत बंद पडली असती, किंवा अब्बांना सावरता येणार नाही एवढी पळाली असती. जीपच्या एक्सलला मात्र हीच चाल माहीत होती. मी हाळी देत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि शेजारची म्हातारी मला कोपर मारून सांगत होती, रडू नको, आवाज फाटतो, त्याला समजायचं नाय.

गाडी आमच्या बाजूला जरा सरकली की आम्ही जोरात ओरडायचो, ती परत मध्ये जायची. पुढच्या टोकाला माणसं अर्धगोल करून उभी होती. अब्बांनी त्यांच्या आवाजाने गाडी वळवली, पूर्ण वळवली, आणि परत आणली. मग कुणी न सांगता दुसरी फेरी घेतली. ह्या खेपेला त्यांनी एक हात काढून दारावर ठेवला होता, तरुणपणी ठेवायचे तसा. आमच्या समोरून गेले तेव्हा ते हसत होते. अम्मी त्यांच्या शेजारी मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती, आणि तिचे डोळे घट्ट मिटलेले होते.

शेवटी त्यांनी गाडी काकांच्या आवाजाशी थांबवली. इंजिन बंद केलं. हाळी थांबली तसा माळ एकदम शांत झाला. अब्बा उतरले, आणि दोन्ही रांगांच्या दिशेने, कुणाकडे नक्की बघावं ते कळत नसल्यामुळे सगळीकडेच, हात जोडून उभे राहिले. काका म्हणाले, चला, पेंढ्या उरल्यात. माणसं खळ्याकडे चालायला लागली. आमच्या अंगावर ह्या लोकांचं जे आहे ते एका दिवसाच्या झोडणीने कसं फिटणार, हे मला कळत नव्हतं, आणि ते फिटूच नये असंही वाटत होतं.

मी अम्मीला हात देऊन गाडीतून उतरवलं.

"डोळे का मिटले होतेस?" मी विचारलं. "घाबरलीस?"

अम्मीने ओढणी पुन्हा कमरेला बांधली.

"घाबरायचं काय त्यात," ती म्हणाली. "गाडी ते चालवत होते."